गिरणगावची संध्याकाळ : एक अभ्यास
(द्वितीय वर्ष, कला)

मुंबईच्या रात्रीविषयी लिहिणारे बहुतेक जण मरीन ड्राइव्हच्या दिव्यांपासून आरंभ करतात. त्यात वावगे काही नाही. ते दिवे सुंदरच आहेत आणि त्यांच्याकडे पाहायला पैसे पडत नाहीत. परंतु काम आटोपल्यावर या शहरातली माणसे कोठे जातात, काय खातात, कशात मन रमवतात हा प्रश्न अभ्यासाचा म्हणून हाती घेतला, तर समुद्राकडे पाठ करून थोडे आत, लालबाग-परळकडे यावे लागते. मुंबईत रिकामी संध्याकाळ ही गोष्ट लाखो माणसांच्या वाट्याला आली ती गिरण्यांमुळे. आणि आज शहरातील महागड्या उपाहारगृहांची व बारची मोठी गर्दी दिसते, तीही त्याच गिरण्यांच्या आवारात. ही दोन टोके एकमेकांशी कशी जोडलेली आहेत हे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. विषय अभ्यासक्रमातला नाही. तथापि इतिहासाच्या आणि समाजशास्त्राच्या तासांना जे कानावर पडले ते येथे उपयोगी आले.

संध्याकाळ रोजच होते, मग ती ‘मिळाली’ असे का म्हणावे? कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईतील पहिली कापड गिरणी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ती चालू झाली. त्या काळी सूर्य उगवला की काम सुरू आणि मावळला की बंद, असा हिशेब होता. आठवड्याची सुट्टीसुद्धा नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली, आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मान्य झाली. पुढे १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले. आपण विजेला प्रगतीची खूण समजतो. पण त्या दिव्यांनी कामगाराचा दिवस मावळूच दिला नाही. कामाचे तास चौदा-पंधरापर्यंत गेले. मग १९११ च्या कायद्याने पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली, १९२२ मध्ये ती अकरा तासांवर आली, १९३४ मध्ये दहावर, आणि १९४६ मध्ये आठवड्याचे ४८ तास ठरले. या आकड्यांकडे नुसते परीक्षेच्या दृष्टीने पाहिले तर ते कंटाळवाणे वाटतात. पण प्रत्येक आकड्यागणिक माणसाला घरी, रस्त्यावर, मित्रांत घालवायला तास-दीड तास अधिक मिळत गेला हे ध्यानात घेतले, म्हणजे गिरणगावचे तमाशे, भजने, नाटके आणि खाणावळी यांचा उगम कोठे आहे ते समजते.

माझे आजोबा संगमेश्वर तालुक्यातून मुंबईला आले आणि एका गिरणीत साचेखात्यात लागले. आधी बदली म्हणून, नंतर कायम. त्यांच्या सांगण्याप्रमाणे पहिली पाळी सकाळी सातला सुरू होऊन साडेतीनला सुटे, दुसरी साडेतीन ते रात्री बारा आणि तिसरी बारा ते सकाळी सात. म्हणजे गिरणगावात एकाच वेळी कोणाची संध्याकाळ, कोणाची सकाळ आणि कोणाची मध्यरात्र चालू असे. त्यांच्या गावकीचा एक गाळा होता. एका खोलीत वीस-पंचवीस माणसांच्या ट्रंका भिंतीला लागलेल्या, आणि झोपायचे पाळीपाळीने. पहिल्या पाळीचा माणूस सुटून आला तरी त्याला पाय पसरायला जागा नसे, कारण रातपाळीवाला अजून झोपलेला असे. बायकामुले गावाला. अशा माणसाने साडेतीन वाजल्यापासून काय करावे? गिरणगावचा करमणुकीचा सारा पसारा चाळीच्या पटांगणात, नाक्यावर, गल्लीत आणि फूटपाथवर मांडला गेला, त्याचे निम्मे कारण या एका खोलीत आहे. कामगाराला नाटकाची फार हौस होती असे कौतुकाने लिहिले जाते. हौस होतीच, पण घरात बसायला जागा नव्हती हेही त्याबरोबर लिहिले पाहिजे.

आता खाण्याकडे वळू. शहरातील भोजनाचा इतिहास लिहिताना हॉटेलांची नावे आणि स्थापनेची साले देतात. त्यात खाणावळवाली बाई क्वचितच येते. वास्तविक गिरणगावातल्या हजारो एकट्या पुरुषांना दोन वेळ जेवू घालणारी संस्था हीच होती. आठ बाय दहाच्या खोलीत, स्वतःच्या संसाराच्या चुलीवर, एखादी बाई दहा-पंधरा, कधी वीस जणांचे जेवण करी. दर महिनावार ठरलेला. गडी गावाला गेला किंवा जेवायला आला नाही, तर तेवढे ‘खाडे’ मोजून पैसे वजा होत. खाड्यांवरून भांडणे होत आणि मिटतही. भाकरी किंवा चपाती, भात, आमटी, वाराप्रमाणे मासळी, रविवारी मटण. मालवणकडच्या बाईकडे मालवणकडचे गडी, घाटावरच्या बाईकडे घाटावरचे. कारण मसाल्याची चव हीच माणसाची गावाकडची ओळख. लालबागचा मसाल्याचा बाजार आजही नावाजलेला आहे, त्याच्या मुळाशी ही तिखटाची आपापली सवय आहे असे मला वाटते.

तीन पाळ्या म्हणजे खाणावळीत तीन पंगती. पहाटे चारला उठायचे, सातच्या पाळीचे डबे भरायचे, दुपारी तीनला दुसऱ्या पाळीला वाढायचे, रात्री बारानंतर सुटून येणाऱ्याचे ताट झाकून ठेवायचे. ज्या संध्याकाळीविषयी मी लिहीत आहे, ती या बाईला मुळीच नव्हती. एवढे करूनही तिच्या हातात पैसा खेळत नसे. महिन्याचा किराणा उधारीवर आणायचा, आणि पगार झाल्यावर गड्यांनी दिलेल्या पैशांतून दुकानदाराचे देणे व व्याज भागवायचे. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये चौदा खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. राष्ट्रीयीकरण झालेल्या बँकेच्या काउंटरवर या बायका कर्ज मागायला गेल्या, ही माझ्या मते मुंबईच्या भोजनगृहांच्या इतिहासातली कोणत्याही मोठ्या हॉटेलच्या उद्घाटनाइतकी महत्त्वाची घटना आहे. तिला पुस्तकांत तेवढी जागा मिळत नाही, हा भाग वेगळा.

खाणावळीखेरीज नाक्यानाक्यावर इराण्याचे हॉटेल होते. तेथे एका चहावर तासभर बसता येई, वर्तमानपत्र फुकट वाचता येई, आणि संपाची किंवा बोनसची चर्चा करता येई. रात्रीच्या खाण्याविषयी दोन आख्यायिका सांगितल्या जातात. पावभाजी ही गिरणी कामगारांच्या घाईच्या जेवणातून निघाली अशी एक, आणि कापसाचे परदेशी भाव रात्री उशिरा तारेने येत, त्यांची वाट पाहणाऱ्या दलालांसाठी ती निघाली अशी दुसरी. खरे खोटे ठरवणे कठीण. पण दोन्हींत कापूस आहे. वडापाव मात्र बराच अलीकडचा. १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर तो प्रथम मिळू लागला असे सांगतात.

दारूविषयी न लिहिता पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९४९ चा दारूबंदी कायदा झाल्यावर मुंबईत बंदी आली आणि घराघरांत अड्डे निघाले. साठच्या दशकात बंदी सैल झाली, ‘परमिट रूम’ हा शब्द मात्र राहिला. आज रस्त्यावरच्या पाटीवर तो शब्द आपण रोज वाचतो, पण पिणाऱ्याकडे परवाना असावा असा नियम त्यामागे अजूनही आहे हे किती जणांना ठाऊक असेल? अड्ड्यांनी गिरणगावातले अनेक पगार खाल्ले. या बाबतीत आजोबांच्या आठवणी गोड नाहीत आणि आजीच्या तर मुळीच नाहीत.

करमणुकीचे प्रकार पुष्कळ होते. लालबागला हनुमान थिएटर होते. मधुकर नेराळे यांनी ते चालवले आणि घाटावरचे तमाशाचे फड तेथे उतरत. पिला हाऊसचा भाग त्याहून जुना. ‘प्ले हाऊस’चे ते मुंबईकरांनी केलेले रूप. अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभारले, आणि तमाशाचाच साज घेऊन गिरणी कामगारासमोर त्याचेच जगणे मांडले. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली तेव्हा ‘लोकनाट्य’ हे नाव रूढ झाले, त्यात अण्णा भाऊंचा वाटा मोठा आहे. परळला सोशल सर्व्हिस लीगचे दामोदर नाट्यगृह १९२२ पासून होते. तेथे हौशी कामगार नाटके करीत. पडद्यामागे रंग लावणारा साचेवाला आणि समोर टाळ्या वाजवणारा त्रासनखात्यातला त्याचा गाववाला. कामगार कल्याण केंद्रांच्या नाट्यस्पर्धा होत्या. लालबागच्या भारतमाता चित्रपटगृहात मराठी चित्रपट लागत.

आमच्या कोकणी माणसांचा जीव मात्र जाखडीत. तिला शक्ती-तुरा असेही म्हणतात. एक शाहीर शक्तीच्या बाजूचा, दुसरा तुऱ्याचा. एकाने गाण्यातून कोडे घालायचे, दुसऱ्याने ते गाण्यातूनच सोडवायचे आणि उलट टोला हाणायचा. पायांत चाळ बांधलेली पोरे गोलात नाचतात, ढोलकी तापते, आणि पुराणातल्या प्रश्नावरून सुरू झालेला सवाल मध्यरात्रीपर्यंत कोठच्या कोठे जातो. दिवसभर साच्याच्या खडखडाटात ज्यांना एकमेकांचा शब्द ऐकू येत नसे, अशी माणसे रात्रभर शब्दांवरून भांडत, हे मला फार विलक्षण वाटते. आजोबा शाळेत चौथीपर्यंत गेले. रामायण-महाभारतातले उपप्रसंग त्यांना आमच्या वर्गातल्या कोणाहीपेक्षा जास्त ठाऊक आहेत, आणि ते सर्व त्यांनी या सवाल-जवाबांतून मिळवले.

गणेशोत्सव हा तर स्वतंत्र लेखाचा विषय. गणेश गल्लीचा उत्सव १९२८ चा, लालबागच्या राजाचा १९३४ चा. रात्रजीवन म्हणून ज्या गोष्टीवर अलीकडे चर्चासत्रे भरतात, ती गोष्ट लालबागमध्ये वर्षातून दहा रात्री होत आली आहे. बायका, मुले, म्हातारी माणसे रात्री दोन वाजता रस्त्यावर असतात, खाण्याच्या गाड्या चालू असतात, रेल्वे जादा गाड्या सोडते, आणि कोणालाही प्रवेशासाठी कपडे किंवा खिसा तपासून घ्यावा लागत नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप औपचारिकरीत्या कधी मागे घेतलाच गेला नाही. त्याचे राजकारण आणि अर्थकारण यांवर भरपूर लिहिले गेले आहे. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ नाटकाने त्यातले घर दाखवले. आपल्या विषयापुरते पाहायचे तर पहिला फटका खाणावळीला बसला. गड्यांनी एक महिना, दोन महिने उधारीवर खाल्ले, मग ते गावाला निघून गेले. बाईचे दुकानदाराकडचे देणे तसेच राहिले. थिएटरांची गल्ली ओस पडू लागली. भोंगा थांबल्यावर नाक्यावरच्या इराण्याला साडेतीन वाजले हे कळायला घड्याळ पाहावे लागले, असे आजोबा म्हणतात.

पुढची कथा जमिनीची आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन भाग कल्पिले होते : एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीला लागू झाली. बांधकामाखालची जमीन वगळली गेली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये हा बदल ग्राह्य धरला. ज्या मैदानांवर कदाचित जाखडी रंगली असती ती झालीच नाहीत. फिनिक्स मिलच्या जागी मॉल उभा राहिला. कमला मिल, मथुरादास मिल, तोडी मिल यांच्या आवारांत कचेऱ्या आल्या आणि कचेऱ्यांमागून उपाहारगृहे, बार, संगीताच्या जागा आल्या. जुन्या विटांच्या भिंती, लोखंडी खांब आणि उंच छप्पर यांचे आता मोल आहे. ते मुद्दाम उघडे ठेवतात आणि त्यावर पिवळे दिवे सोडतात.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. या ठिकाणी जाणाऱ्या तरुणांवर माझा राग नाही. त्यांच्यापैकी अनेक जण अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे काम करतात. त्यांचीही एक प्रकारे रातपाळीच आहे, आणि पाळी सुटल्यावर माणसाला चार माणसांत बसावेसे वाटते. प्रश्न आहे तो ही रात्र कोणाच्या श्रमावर उभी आहे आणि त्या श्रमाला कोणते नियम लागू आहेत हा.

२९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारात गच्चीवरील उपाहारगृहांना आग लागून १४ जणांचा मृत्यू झाला. त्याच महिन्यात महाराष्ट्राचा नवा दुकाने व आस्थापना कायदा अमलात आला होता. त्याने आस्थापनांना चोवीस तास उघडे राहण्याची मोकळीक दिली, आणि स्त्रियांना त्यांच्या संमतीने व संरक्षणाची सोय करून रात्री साडेनऊनंतर काम देण्याची परवानगी दिली. २७ जानेवारी २०२० पासून मॉल व गिरण्यांच्या आवारांतील दुकाने-उपाहारगृहे रात्रभर चालू ठेवण्याचे धोरण मुंबईत सुरू झाले. दोन महिन्यांत करोनाची टाळेबंदी आली आणि सारेच थांबले, ते नंतर हळूहळू पूर्ववत झाले.

माझे वडील एका अशाच आवारातल्या उपाहारगृहात वाढपी आहेत. त्या उपाहारगृहाचे नाव देण्याचे कारण नाही, कारण तेथे जे चालते ते त्या धंद्यात सर्रास चालते. त्यांच्या कामाला ‘ब्रेक शिफ्ट’ म्हणतात. सकाळी अकरा ते दुपारी साडेतीन, मग सुट्टी, मग संध्याकाळी साडेसहा ते गिऱ्हाईक उठेपर्यंत. म्हणजे साडेबारा, एक. मधल्या तीन तासांत घरी जाऊन यावे तर आम्ही राहतो कळव्याला, जाण्यायेण्यातच वेळ संपतो. म्हणून ते आणि त्यांचे सोबती मागच्या जिन्याच्या कट्ट्यावर पुठ्ठा टाकून पडतात. साडेतीन वाजता सुटणे हे आजोबांच्या आणि वडिलांच्या दिवसात सारखेच आहे. आजोबा त्यानंतर जाखडीच्या तालमीला जात.

२०१७ च्या कायद्यात मुळात दिवसाला नऊ तास काम आणि सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा एकूण पसारा साडेदहा तास, तुटक किंवा तातडीच्या कामासाठी बारा, अशी मर्यादा होती. वडिलांचा पसारा चौदा तासांचा होतो. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने खासगी आस्थापनांतील कामाचे तास नऊवरून दहा करण्यास मंजुरी दिली. वर दिलेली १९११ ते १९४६ ची साले पुन्हा एकदा वाचावीत. त्या पस्तीस वर्षांत आकडा खाली येत होता.

शेवटची लोकल साधारण एकच्या आसपास सुटते आणि पहिली पहाटे चारच्या सुमारास. शहर चोवीस तास उघडे ठेवण्याच्या धोरणात या तीन तासांचा विचार फारसा दिसत नाही. गिऱ्हाईक टॅक्सीने जाते. ज्याने त्याच्यासमोर ताट ठेवले तो फलाटावर बसून राहतो. महिन्यातून पाच-सहा रात्री वडील असे बसतात. ज्या मुली तेथे स्वागतकक्षात किंवा टेबलांवर काम करतात, त्यांना घरी सोडायला गाडी असावी असे नियम सांगतो. काही ठिकाणी ती असते, काही ठिकाणी कागदावर असते. स्त्रियांनी रात्री काम करू नये असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. खाणावळवाली बाई रात्री बारानंतर काम करीतच होती, फक्त तिची कोठे नोंद नव्हती.

दामोदर नाट्यगृह २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झाले. जाखडीचे सामने आता ठाण्यापलीकडे, वसई-विरारकडे जास्त होतात, कारण माणसेच तिकडे गेली आहेत. रात्री दहानंतर ध्वनिवर्धकाला मनाई असल्यामुळे, वर्षातले मोजके सवलतीचे दिवस सोडले, तर सवाल अर्ध्यावर आटोपता घ्यावा लागतो. बंद काचांच्या आतल्या संगीताला ही अडचण येत नाही. नियम चूक आहे असे नाही. शेजारी आजारी माणूस असतो, परीक्षेचा विद्यार्थी असतो, मी स्वतः असतो. पण एकच नियम उघड्या अंगणाला आणि बंद हॉलला वेगवेगळा जाणवतो एवढे नोंदवून ठेवावेसे वाटते.

या लेखासाठी मी वडिलांबरोबर दोन रात्री त्या आवाराच्या फाटकाबाहेर थांबलो. एक वाजला की तेथे भुर्जी-पावची एक गाडी गजबजते. आतले कॅप्टन, भांडी घासणारी मुले, स्वयंपाकी, पहारेकरी, गाड्या लावणारे पोरगे, सारे तेथे जेवतात. दिवसभर दुसऱ्यांचे अन्न वाहून झाल्यावर त्यांना भूक लागते ती यावेळी. गाडीवाला प्रत्येकाला नावाने ओळखतो आणि न विचारता तिखट कमी-जास्त करतो. बहुतेकांचा हिशेब महिन्याचा आहे. त्याच्याकडे मळक्या पुठ्ठ्याची एक वही आहे. कोणी गावाला गेले की त्याच्या नावापुढे तो तेवढ्या दिवसांची फुली मारतो.